क्वार्टरबॅकचा खुबा

१६ नोव्हेंबर २०१९ची दुपार, मिसिसिपी राज्यातलं स्टार्कव्हिल. अलाबामा विद्यापीठाचा संघ मिसिसिपी स्टेटवर ३५-७ असा पुढे होता आणि मध्यंतराला जेमतेम तीन मिनिटं उरली होती. एवढी एक चढाई झाली की क्वार्टरबॅकला बाहेर बसवायचं, असा प्रशिक्षक निक सेबन यांचा बेत होता. तुआ टॅगोवायलोआ चेंडू घेऊन डावीकडे सरकला, तेवढ्यात दोन बचावपटूंनी त्याला गाठलं आणि तिघेही कोसळले. त्याचा उजवा गुडघा जमिनीवर आदळला आणि वरून त्या दोघांचं वजन आलं. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीतून मागे निसटलं, आणि निसटताना खोबणीची मागची कडही फोडून गेलं.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शंभर यार्डांचं मैदान, प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. जवळपास प्रत्येक वेळी चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. तो स्वतः पळायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की लांब फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवतो. त्या दोन-तीन सेकंदांत शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. अमेरिकेत विद्यापीठांचे सामनेही प्रचंड मोठे असतात. अलाबामाच्या टस्कालूसामधल्या स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर आहे. आणि तुआ खेळत होता तेव्हा या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे कमाईची मुभा नव्हती. स्वतःच्या नावावर जाहिराती घेण्याची परवानगी मिळाली ती जुलै २०२१मध्ये. व्यावसायिक लीगमध्ये जायचं तर शाळा संपून तीन वर्षं व्हावी लागतात. म्हणजे ज्या खुब्यावर पुढचे कोट्यवधी डॉलर अवलंबून होते, तो खुबा मोबदला मिळण्याच्या काही महिने आधीच निखळला.

तुआ मूळचा हवाईतल्या एवा बीचचा, सामोआ बेटांवरून आलेल्या कुटुंबातला. जन्म १९९८चा. बाकी सगळं उजव्या हाताने करणारा हा मुलगा चेंडू मात्र डाव्या हाताने फेकतो, कारण डावखुऱ्या वडिलांनी लहानपणीच त्याला तशी सवय लावली. ८ जानेवारी २०१८ला, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो देशभर माहीत झाला. अटलांटामध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता. मध्यंतराला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध ०-१३ असा मागे असताना सेबन यांनी नेहमीच्या क्वार्टरबॅकला, जेलन हर्ट्सला, बसवलं आणि या नवख्याला उतरवलं. सामना जादा वेळेत गेला. तिथे पहिल्याच प्रयत्नात तुआ चेंडूसकट पकडला गेला आणि संघ सोळा यार्ड मागे ढकलला गेला. लगेच पुढच्या चेंडूवर त्याने डावीकडे ४१ यार्डांची फेक डेव्होन्टा स्मिथच्या हातात नेमकी घातली. २६-२३, सामना संपला.

त्या फेकीत खुब्याचा वाटा काय, हे सांगायला हवं. लांब फेक दंडाच्या जोरावर होते असं वाटतं, पण जोर निघतो तो पायांतून. मागचा पाय जमीन रेटतो, पुढचा पाय रोवला जातो आणि रोवलेल्या पायाच्या खुब्यावर आधी कंबर फिरते, तिच्यामागून धड, मग खांदा, कोपर आणि सगळ्यात शेवटी बोटं. प्रत्येक भाग वेग घेतो आणि थांबता थांबता पुढच्याला देतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर जे काम करतो, तेच इथेही असतं. तो पाय डळमळला की वरचा सगळा वेग वाया जातो. चेंडू सुटताना बोटं त्याला पीळ देतात, आणि चांगली फेक मिनिटाला साधारण सहाशे फेऱ्या घेत जाते. त्या गिरकीमुळे चेंडूचं टोक हवेत कोलमडत नाही, वारा कमी अडवतो आणि फेक लांब जाते. डावखुऱ्याची गिरकी उलट्या दिशेची, त्यामुळे झेलणाऱ्यांनाही त्याची वेगळी सवय करावी लागते. डावखुऱ्याचा रोवला जाणारा पाय उजवा. तुआचा निखळला तो नेमका हाच खुबा.

त्याआधी त्याचे दोन्ही घोटे शस्त्रक्रियेखालून गेले होते. डिसेंबर २०१८मध्ये डावा, ऑक्टोबर २०१९मध्ये उजवा. पोटरीच्या भागात दोन हाडं शेजारी शेजारी उतरतात आणि घोट्याच्या वर तंतूंच्या पट्ट्याने एकमेकांना बांधलेली असतात. पाय पिरगळला गेला की हा पट्टा फाटतो आणि हाडं फाकतात. पूर्वी इथे स्क्रू मारत. स्क्रूने हाडं घट्ट धरली जातात, पण चालताना त्यांच्यात होणारी सूक्ष्म हालचालही बंद होते. नव्या पद्धतीत दोन्ही हाडांतून आरपार भोक पाडून एक मजबूत दोरा ओवतात आणि दोन्ही टोकांना धातूची छोटी बटणं लावून तो ताणून बसवतात. हाडं फाकत नाहीत, तरी थोडी हलू शकतात, म्हणून पायावर भार लवकर देता येतो. उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ९ नोव्हेंबरला, तुआ लुइझियाना स्टेटविरुद्ध मैदानात होता. त्याने ४१८ यार्डांच्या फेकी केल्या, तरी अलाबामा ४१-४६ने हरला. त्या दिवशी पलीकडचा क्वार्टरबॅक होता जो बरो. त्यानंतर आठवड्याने स्टार्कव्हिल. वैद्यकाने पाय इतक्या लवकर उभा केला याचं कौतुक वाटतंच, पण इतक्या लवकर उभं राहण्याची घाई कोणाला होती, हा प्रश्नही मला सोडत नाही.

आता खुबा. शाळेत आपण याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल, त्याला डोकं म्हणतात, आणि ते ओटीपोटाच्या हाडातल्या खोल खोबणीत बसतं. खांदाही याच जातीचा, पण त्याची खोबण उथळ, म्हणून तो सहज निखळतो. खुबा निखळायला जबरदस्त आघात लागतो. तो बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच निखळतो, आणि तेही ठरावीक स्थितीत: मांडी पुढे वाकलेली, गुडघा दुमडलेला, आणि गुडघ्यावर समोरून धक्का. मोटार धडकते आणि पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो तेव्हा हीच स्थिती असते. आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना ही दुखापत मैदानावरून नाही, रस्त्यावरच्या अपघातांतून परिचयाची आहे.

निखळलेलं हाड परत बसवता येतं, फुटलेली कड पट्टी आणि स्क्रूंनी जोडता येते. खरा धोका रक्ताचा. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त मुख्यतः एका धमनीतून मिळतं. ती हाडाच्या मानेमागून वळसा घेऊन येते आणि तिच्या बारीक शाखा मानेला चिकटून वर चढतात. दुसरीकडून येणारा पुरवठा प्रौढ वयात नगण्य असतो. डोकं मागे निसटलं की या शाखा ताणल्या जातात, पिळल्या जातात, कधी तुटतात. तुटल्या नसतील तर हाड जागेवर येताच पीळ सुटतो आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. पण हाडातल्या पेशींना रक्ताशिवाय फार काळ काढता येत नाही. म्हणून डॉक्टर सहा तासांची मर्यादा मानतात. त्याच्या आत हाड बसलं तर डोकं वाचण्याची शक्यता कितीतरी चांगली. उशीर झाला तर काही महिन्यांनी डोक्याचं हाड आतून मरतं आणि मग शरीराच्या भाराखाली खचतं. याचं नाव एव्हीएन. कोरोनाच्या लाटेनंतर २०२१मध्ये मुंबईत स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांमध्ये तो आढळला, तेव्हा हे नाव आपल्याकडे वर्तमानपत्रांत आलं होतं. तिथे कारण वेगळं, पण मरणारं हाड तेच.

तुआचं नशीब असं, की त्याचा खुबा स्टेडियममध्येच तातडीने बसवला गेला. मग हेलिकॉप्टरने बर्मिंगहॅम, आणि दोनच दिवसांत, १८ नोव्हेंबरला, ह्यूस्टनमध्ये शस्त्रक्रिया. अपघातात खुबा निखळलेल्या आपल्याकडच्या माणसाचे तास रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात जातात, गावातल्या हाडवैद्याकडून चोळून घेण्यात जातात. मांडी आत वळलेली, पाय आखूड झालेला आणि हलवता येत नसेल तर थेट एक्स-रे आणि भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यायला हवं. हे तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण इथे फरक हाताच्या कौशल्याइतकाच घड्याळाचाही असतो.

असा सुटलेला खुबा काय करतो, हे अलाबामा राज्याने आधी पाहिलं होतं. तिथल्याच ऑबर्न विद्यापीठाचा बो जॅक्सन क्वार्टरबॅक नव्हता, चेंडू घेऊन पळणारा होता. विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी १९८५मध्ये त्याची. पुढे तो व्यावसायिक फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळला. १३ जानेवारी १९९१च्या सामन्यात मागून पकडलं जाताना त्याच्या खुब्याला इजा झाली. हाडाचा रक्तपुरवठा तुटला, एव्हीएन झाला आणि फुटबॉल कायमचा सुटला. १९९२मध्ये त्याने कृत्रिम खुबा बसवून घेतला आणि १९९३मध्ये त्यावर उभा राहून बेसबॉलच्या मैदानात परतला. ही गोष्ट विलक्षणच, पण धावणारा बो त्यात गेला.

म्हणून २०१९-२०च्या हिवाळ्यात सगळे एमआरआय आणि सीटी स्कॅनकडे डोळे लावून होते. मेलेलं हाड सुरुवातीला साध्या एक्स-रेवर दिसत नाही. एमआरआयवर ते आधी कळतं. फेब्रुवारीत, तीन महिन्यांच्या तपासणीत, फुटलेली कड जुळल्याचं दिसलं. २३ एप्रिल २०२०ला, कोरोनामुळे घराघरांतून झालेल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, मायामी डॉल्फिन्स संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या क्रमांकावर गेला तो जो बरो.

मायामीतली पुढची वर्षं मात्र खुब्याची नाहीत, मेंदूची आहेत. २५ सप्टेंबर २०२२ला बफेलोविरुद्ध त्याचं डोकं जमिनीवर आपटलं, तो उठला आणि अडखळला. पाठीची दुखापत असं कारण दिलं गेलं आणि तो पुन्हा खेळला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला पुन्हा आपटवलं गेलं. तेव्हा त्याच्या हाताची बोटं ताठ होऊन चेहऱ्यासमोर वेडीवाकडी आखडली. मेंदूच्या देठापर्यंत धक्का पोचला की हात असे आपोआप आखडतात. ते दृश्य पाहून लीगला नियम बदलावा लागला: तोल गेलेला खेळाडू, कारण काहीही सांगितलं तरी, त्या सामन्यात परत उतरणार नाही. त्याच वर्षी नाताळच्या सामन्यात मेंदूला पुन्हा हादरा बसला. २०२३च्या हंगामाआधी तो जुडो शिकला, पडायचं कसं हे शिकण्यासाठी, आणि त्या हंगामात ४६२४ यार्डांच्या फेकींसह लीगमध्ये सर्वांत पुढे राहिला. १२ सप्टेंबर २०२४ला तो स्वतः चेंडू घेऊन धावला, खाली घसरण्याऐवजी समोरच्या बचावपटूवर आदळला, आणि हात पुन्हा तसेच आखडले.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदू गरकन फिरतो ते त्याला थांबवता येत नाही. त्या पिळाने मेंदूपेशींचे लांब तंतू ताणले जातात, पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते पूर्ववत करायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा हवी असते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा मंदावलेला असतो. हा काळ काही दिवसांचा, कधी आठवड्यांचा. यात दुसरा हादरा बसला तर नुकसान कितीतरी वाढतं. चार दिवसांच्या अंतराने झालेल्या त्या दोन आपटण्यांनी डॉक्टर हादरले ते याचमुळे. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा आजार तर आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच खात्रीने सांगता येतो.

खुब्याचं हाड जुळलं की नाही, हे स्कॅनवर दाखवता आलं. हादरा बसलेल्या मेंदूचा सीटी स्कॅन बहुधा अगदी नॉर्मल येतो. मग डॉक्टर तोल पाहतात, डोळ्यांची हालचाल पाहतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, डोकं दुखतं का विचारतात, आणि आधीच्या निकालांशी ताडून ठरवतात. या तपासण्यांतून पार होऊन तुआ २७ ऑक्टोबर २०२४ला पुन्हा खेळायला उतरला. पुढचा धक्का त्याचा मेंदू किती सोसेल, हे सांगणारी तपासणी त्या यादीत नव्हती. ती अजून कोणाकडेच नाही.