भरतीचे पाऊणपट

पावसाळा सुरू झाला की एक बातमी दरवर्षी ठरलेली: ‘आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ सोबत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आपटणाऱ्या पाण्याचा फोटो. किनाऱ्यावर जाऊ नका हा सल्ला योग्यच, पण तो आकडा लाटेच्या उंचीचा नसतो. भरतीचे पाणी कुठवर चढेल, ती पातळी असते. ती मोजताना शून्य धरतात ते साधारणपणे समुद्र सर्वांत खाली ओसरतो त्या रेषेला. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती हे सरासरीपेक्षा दोनेक मीटर जास्त पाणी, आणि तेही सहा तासांत सावकाश चढलेले. लाटांचे गणित वेगळे, ते वाऱ्यावर चालते. डिसेंबरातल्या मध्यरात्रीही एवढी भरती येऊन जाते. तेव्हा सगळे झोपलेले असतात.

धोका आहे तो गटारांच्या तोंडाशी. भरतीला समुद्र नाल्यांच्या मुखापेक्षा वर येतो आणि शहरातले पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात मोठ्या भरतीची भर पडली. पुढे काय झाले ते सगळ्यांना आठवते.

पण मला सांगायचे आहे ते भरतीच्या वेळेबद्दल. कोकणात ही वेळ कोष्टक बघून ठरवत नाहीत. तिथी विचारतात आणि तिची पाऊणपट करतात. आज चतुर्थी? चार पाऊणे तीन, भरती तीनला. अष्टमी? आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, सूत्र तेच. दिवसातून दोन भरत्या, म्हणून दुपारी तीनला तशीच पहाटेही तीनच्या आसपास. आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

हे सूत्र पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते निव्वळ पाठांतर वाटले होते. नंतर कागदावर मांडून पाहिले आणि थक्क झालो. तिथी म्हणजे काय? सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी सरते. अमावास्येला दोघे एकाच दिशेला, म्हणून चंद्र दुपारी बाराच्या सुमारास डोक्यावर. पुढच्या प्रत्येक तिथीला तो 12 अंश मागे पडतो. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे ते 12 अंश भरून काढायला तिला तासाचे 12 भागिले 15, म्हणजे चार पंचमांश, 48 मिनिटे लागतात. भरती चंद्राच्या मागे, तेव्हा तीही रोज तेवढीच उशिरा. खरा गुणक पाऊण नाही, चार पंचमांश आहे! पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात, भरती मात्र बाराच्या सुमारास असते. मग पूर्वजांनी पाऊण का घेतले? माझा अंदाज असा, की पाऊणकीचा पाढा पोरासोरांना पाठ होता. चार पंचमांशाचा पाढा कोण म्हणणार?

त्यात आणखी एक मेख आहे. भरती एकटा चंद्र आणत नाही. चंद्राच्या तुलनेत सूर्य पृथ्वीला जवळजवळ 180 पट जोराने ओढतो, तरी भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. चंद्र जवळच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूचे कमी, म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा आणि दिवसाला दोन भरत्या. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, हा फरक मात्र घनाने. सूर्य चंद्राच्या 390 पट दूर आहे, तिथेच तो हरतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एकावर एक येतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास काटकोनात येतात, तो भांग. उधाण उतरत असताना सूर्य भरतीला किंचित आधी आणतो, त्यामुळे रोजचा उशीर 48 मिनिटांहून कमी भरतो. भांगात तो वाढून हिशेब पुरा होतो. म्हणजे पहिल्या चार-पाच तिथींना पाऊणपटच अधिक चपखल बसते. (इथे डोके गरगरले तर हा परिच्छेद सोडून द्या, सूत्र तरीही चालेल.)

‘माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला डोके फिरते’ हे वाक्य दर महिन्याला व्हॉट्सॲपवर येते. मुद्दा पाण्याचा नाही, फरकाचा आहे. फरक पडायला हजारो किलोमीटरचा पसारा लागतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात एवढे पाणी असून तिथे कधी कोणाच्या नजरेत भरती आली आहे का? तुमचे डोके आणि तळपाय यांच्यावरच्या चंद्राच्या ओढीतला फरक तुमच्या वजनाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी असतो. शेजारी येऊन बसलेला माणूस तुम्हाला याहून जास्त ओढतो.

आता गंमत. मी वर सगळे असे सांगितले, जणू पाण्याचा फुगवटा चंद्राखाली उभा असतो आणि आपण त्याखालून फिरतो. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेले चित्र साधारण हेच. पण चंद्राखालचे ठिकाण विषुववृत्तावर ताशी सुमारे 1600 किलोमीटरने पळते. चार किलोमीटर खोल समुद्रात एवढी लांब लाट ताशी सुमारे 700 किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. फुगवट्याला चंद्राबरोबर राहायचे तर समुद्र वीसेक किलोमीटर खोल हवा, आणि तेवढा खोल समुद्र पृथ्वीवर कुठेच नाही. भरती ही प्रत्यक्षात एक भलीमोठी लाट आहे. चंद्र तिला ठेका देतो, वाट मात्र किनारे आणि तळ ठरवतात. अठराव्या शतकात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने हे गणितात बसवले.

ही लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते, आणि भावनगरला मुंबईनंतर काही तासांनी. उत्तरेकडे उथळ तळाचा पट्टा रुंदावत जातो, खंभातच्या आखाताचे नरसाळे होते आणि पाणी दाटते. गोव्यात उधाणाला दोनेक मीटरचा फरक, तर भावनगरकडे दहा मीटरच्या घरात. अमावास्येला मुंबई-अलिबागला भरती दुपारी बाराला येते आणि चंद्रही त्याच सुमाराला डोक्यावर असतो, हा निव्वळ योगायोग आहे. पाऊणपट सूत्रातला रोजचा उशीर सगळीकडे खरा, सुरुवातीची वेळ मात्र प्रत्येक बंदराची आपली. भावनगरच्या खलाशाला हे सूत्र शिकवायला गेलात तर तो हसेल.

आणि सूत्र वेळ सांगते, पातळी नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते. मी एकदा अष्टमीला गेलो. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी, हिशेब चोख. बाराला पोचलो तर पाणी मांडीपर्यंत. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याने माझी गुंडाळलेली पॅन्ट पाहिली आणि म्हणाला, “भांग आहे ना दादा. आज एवढंच ओसरणार. बसा गाडीत.”