ओरेगॉन, १८७६ : पोस्टमास्तर निर्वाचकाचा वाद

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांत १८६८ मध्ये अवघ्या १६४ मतांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलेले ओरेगॉन राज्य १८७२ मध्ये रिपब्लिकनांकडे परतले आणि १८७६ मध्ये तिथेच टिकले. रिपब्लिकन उमेदवार हेज यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार टिल्डन यांच्यावर सुमारे हजार मतांची आघाडी घेतली. अध्यक्षपदासाठी औपचारिक मत देणारे प्रतिनिधी म्हणजे निर्वाचक. राज्याच्या तीन निर्वाचक मतांचा कौल त्यामुळे स्पष्ट होता.

वाद निघाला तो निवडून आलेल्या तिघांपैकी एकाच्या नोकरीवरून. ते लाफायेत गावचे पोस्टमास्तर होते आणि केंद्र सरकारचे विश्वासाचे वा लाभाचे पद असलेल्या व्यक्तीला राज्यघटनेनुसार निर्वाचक होता येत नाही. निवडणुकीनंतर त्यांनी टपाल खात्याचा राजीनामा दिला. पण ते मुळातच अपात्र होते, असे ठरवून डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी त्यांच्या जागेचे प्रमाणपत्र पराभूत डेमोक्रॅटिक उमेदवाराला दिले. हा निर्णय टिकण्यासारखा नव्हता. निर्वाचकाची जागा रिकामी झाल्यास उरलेल्या निर्वाचकांनी ती भरावी, असे राज्याचा कायदाच सांगत होता. आक्षेप खरा मानला तरी त्यातून फार तर जागा रिकामी होते, हरलेला उमेदवार विजयी ठरत नाही.

६ डिसेंबरला दोन्ही बाजूंनी आपापले मतदान उरकले. रिपब्लिकन निर्वाचकांनी पोस्टमास्तरांचा निर्वाचकपदाचा राजीनामा स्वीकारला आणि रिकाम्या जागी पुन्हा त्यांनाच नेमले. प्रमाणपत्र हाती असलेल्या डेमोक्रॅटिक निर्वाचकाने, उरलेले दोन रिपब्लिकन निर्वाचक आपल्यासोबत काम करत नाहीत म्हणून, त्यांच्या जागी स्वतःच दोघांना नेमले आणि टिल्डन यांना एक, हेज यांना दोन अशी मते नोंदवली. टिल्डन यांना विजयासाठी नेमके एकच मत कमी पडत होते.

डेमोक्रॅटांच्या या डावामागचा हिशेब एका मतापुरता नव्हता. याच निवडणुकीत वादग्रस्त ठरलेल्या फ्लोरिडा आणि लुइझियानात गव्हर्नरांच्या प्रमाणपत्रामागे जाऊ नये, असे रिपब्लिकन म्हणत होते. ओरेगॉनमध्ये मात्र तेच प्रमाणपत्र त्यांच्या विरुद्ध होते. वादग्रस्त मतांचा निवाडा करण्यासाठी नेमलेल्या पंधरा सदस्यांच्या आयोगाने राज्याच्या कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची मतमोजणी अंतिम मानली, तिच्याशी विसंगत प्रमाणपत्र बाजूला ठेवले आणि ८ विरुद्ध ७ अशा फरकाने पोस्टमास्तरांचे मत ग्राह्य धरले. मतविभागणी पक्षनिहाय झाली हे खरे, पण ओरेगॉनपुरता आयोगाचा युक्तिवाद भक्कम होता. अखेरचा निकाल १८५ विरुद्ध १८४ असा हेज यांच्या बाजूने लागला.

निर्वाचक मतांच्या मोजणीविषयीच्या १८८७ च्या कायद्याने मात्र, राज्याकडून दोन निकाल आले आणि काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) दोन्ही सभागृहांत मतभेद झाला, तर गव्हर्नरांच्या सहीच्या निकालाला झुकते माप दिले. २०२२ च्या सुधारणेने गव्हर्नरांच्या प्रमाणपत्राला निर्णायक महत्त्व दिले, पण ते न्यायालयाच्या आदेशाच्या अधीन ठेवले.