पायांची वळवळ आणि मनाची घालमेल: आधी फेरिटिन बघा

संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये सीएसएमटीलाच खिडकीची जागा मिळालेला माणूस कुर्ला गेल्यावर ती सोडून दारापाशी जाऊन उभा राहतो. उतरायचं ठाण्याला, म्हणजे अजून अवकाश आहे. पण पोटऱ्यांच्या आत काहीतरी सळसळायला लागलेलं असतं आणि उभं राहिलं की ते शमतं. रात्री साडेअकराला घोडबंदर रोडवरच्या घरी पाठ टेकली की पुन्हा तेच. पाय झटकायचे, कूस बदलायची, उठून हॉल ते किचन फेऱ्या घालायच्या. घरचे म्हणतात, टेन्शन फार घेतोस. टेन्शन असतंही, म्हणूनच पायांच्या दुखण्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही.

या दुखण्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी 1672 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी 1945 मध्ये ते नीट मांडलं. आपल्याकडे लोक म्हणतात पाय वळवळतात, पाय ओढतात, हाडाच्या आत मुंग्या चालतात. रात्री पोटऱ्यांना फडकं घट्ट बांधून झोपणाऱ्या किंवा नातवंडांकडून पाय तुडवून घेणाऱ्या आज्यांपैकी काहींना तरी हेच असणार. बायकांमध्ये ते पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं आणि अनेकदा घराण्यात चालत येतं.

ओळखायला मशीन लागत नाही, प्रश्न लागतात. पाय हलवावेसे वाटतात, ती ओढ आवरत नाही. बसल्यावर किंवा पडल्यावर ती सुरू होते किंवा वाढते. चालल्याने किंवा ताणल्याने, निदान तेवढ्यापुरतं, बरं वाटतं. आणि सकाळपेक्षा संध्याकाळी-रात्री त्रास जास्त. चारही गोष्टी जुळल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर निदान बहुतेक पक्कं. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा लागतो, इथे तसं होत नाही. मधुमेहात नसा बिघडल्या तर तळवे दिवसाही जळतात आणि चालून फरक पडत नाही. काळजीने पाय हलवणारा माणूस कुणी टोकलं की थांबतो, पण या दुखण्यात थांबवलेला पाय आतून आणखी छळतो. एकच पाय सुजला, लाल झाला, दुखू लागला तर मात्र रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता मनाचा आणि पायांचा संबंध. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीवर ताबा ठेवायला मदत करणारं रसायन, तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) लोह लागतं. या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत लोह कमी असल्याचं एमआरआयमध्ये आणि शवविच्छेदनातही दिसलं आहे, अगदी रक्तातलं लोह ठीक असतानाही. रात्रीकडे डोपामिनचं काम तसंही मंदावतं, म्हणून त्रास संध्याकाळी उचल खातो. शिवाय लोहाच्या कमतरतेने मेंदूची जागं ठेवणारी यंत्रणा जास्त ताणलेली राहते, असं संशोधक मानतात. त्यात झोप मोडली की दुसऱ्या दिवशी काळजी वाढते, आणि काळजीने जागा राहिलेला माणूस पायांची वळवळ जास्त वेळ भोगतो. कुठून सुरू झालं हे शोधत बसण्यापेक्षा जिथे हात घालता येतो तिथे घालावा, आणि ती पहिली जागा म्हणजे फेरिटिन.

नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. फेरिटिन हा शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, आणि रिपोर्ट वाचताना इथेच चूक होते. समजा फेरिटिन 18 आलं. शेजारी छापलेली मर्यादा साधारण 10-15 पासून सुरू होते, त्यामुळे आकडा ठळक होत नाही, लाल होत नाही, आणि कागद 'नॉर्मल' म्हणून फाइलमध्ये जातो. या दुखण्यासाठी मात्र 75 नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून कमी फेरिटिन, किंवा 20 टक्क्यांखाली ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे तो आकडा), म्हणजे लोह द्यायचं कारण आहे. 75 ते 100 मध्ये गोळीचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून लोह देण्याचा विचार होतो. तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नये. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं होऊन मग करावी. तपासणीशिवाय लोह सुरू करू नये. ठाणे जिल्ह्यात उल्हासनगरसारख्या ठिकाणी सिंधी वस्ती मोठी आहे आणि या समाजात थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाचं प्रमाण जास्त आहे. त्यात हिमोग्लोबिन कमी, पण लोह पुरेसं, अशी स्थिती असू शकते.

डॉक्टरांनी गोळी दिली, उदाहरणार्थ साधारण 100 मि.ग्रॅ. लोह असलेली फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची, तर ती कशी घ्यायची यावर बरंच अवलंबून असतं. एकदा लोह घेतलं की यकृत हेप्सिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन सोडतं आणि जवळपास 24 तास पुढचं लोह कमी शोषलं जातं. म्हणून अनेकांना एक दिवसाआड एक गोळी जास्त मानवते. ती रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. चहा-कॉफी एक तास आधी आणि दोन तास नंतर नको, कॅल्शियमची आणि अ‍ॅसिडिटीची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळलं तर थोड्या खाण्यासोबत घ्यावी, सोडू नये. आहारात हळीव, राजगिरा, पालेभाजीवर लिंबू हवंच, पण फेरिटिन 18 वरून 75 वर नेणं नुसत्या आहाराने फार कठीण.

दुसरी जागा औषधांची चिठ्ठी. काळजीवर दिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन काहींच्या पायांचा त्रास वाढवतात. मिर्टाझापिन त्याहूनही, आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिननेही तो वाढू शकतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिनही त्याच रांगेत. म्हणून औषध कधी सुरू झालं आणि पाय कधी वळवळू लागले, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाव्या. औषध एकाएकी बंद करणं धोक्याचं आहे. वेळ बदलणं, दुसरं औषध देणं हे त्यांनी ठरवायचं. औषध सुरू केल्यावर दिवसभर, उभं असतानाही आतून चैन पडेनासं झालं, तर ते अकाथिसिया असू शकतं. हे मात्र लगेच कळवावं.

रात्रीच्या उपायांत एक गोष्ट फार जणांना कुणी सांगतच नाही. काळजीसाठी शिकवलेलं शवासन आणि निश्चल ध्यान इथे उलटतं, कारण स्थिर पडणं हाच तर त्रासाचा ट्रिगर. मग वाटतं, आपल्याला साधं शांतही पडता येत नाही. दोष तुमचा नाही, पद्धत बदला. श्वास चालता चालता घ्या, चार पावलांत आत, सहा पावलांत बाहेर. किंवा भिंतीला हात टेकून टाचा सावकाश 20 वेळा वर-खाली करा, मग पोटरीचा ताण प्रत्येक पायाला 30 सेकंद. काळजीच्या गोष्टी संध्याकाळी सातच्या सुमारास 15 मिनिटं वहीत लिहून काढाव्या, गादीवर नाही. 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठावं. काहींना पायांवर कोमट पाणी मानवतं, काहींना गार. दोन्ही करून बघावं. व्यायाम रोज 30 ते 40 मिनिटं, ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला झपझप चालणंही पुरे. पण रात्री साडेनऊनंतर जिममध्ये पाय थकवून येणाऱ्याची रात्र बहुधा खराब जाते. दुपारनंतरचा चहा बंद करून दोन आठवडे बघावं. दारू झोप आणते असं वाटतं, पण पायांचा त्रास वाढवते.

एवढं करूनही आठवड्यातल्या बऱ्याच रात्री मोडत असतील तर औषध लागतं. आता गॅबापेंटिन, प्रिगॅबॅलिन यांना आधी पसंती आहे आणि प्रिगॅबॅलिन काळजीवरही काम करतं. सुस्ती, चक्कर, पायांवर सूज, वजन वाढणं यांवर लक्ष ठेवावं लागतं, सुरुवातीला स्कूटर चालवू नये. डोपामिनसारखं काम करणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल पहिल्या रात्रीपासून आराम देऊ शकतात, पण अनेकांना काही काळाने रात्री दहाचा त्रास संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि हातांतही पोचतो. डोस वाढवला तर आगीत तेल. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपामने गुंगी येते, पायांची ओढ तशीच राहते आणि सवय लागते ती वेगळीच.

सुरुवात फिजिशियनपासून करावी. गरोदर बाई आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांनी स्वतःच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं, दोघांतही हा त्रास वाढतो. काळजी असह्य झाली तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. लोह सुरू केल्यावर आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून गोळी सोडणारे खूप आहेत. साठा भरायला वेळ लागतो. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा करायचं, आणि तोवर रोज सकाळी वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: पाय किती वाजता सुरू झाले आणि रात्री किती वेळा उठावं लागलं.