शेवळ

शेवळ : अळू आणि सुरणाच्या म्हणजे ॲरेसी कुलातील कंद असलेली बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव ॲमॉर्फोफॅलस कम्यूटेटस. ॲमॉर्फोफॅलस प्रजातीत दोनशेहून अधिक जाती आहेत. आफ्रिका व मादागास्करपासून दक्षिण आणि आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात त्या आढळतात. शेवळ मात्र भारतीय द्वीपकल्पातलीच. तिचा मुख्य वावर पश्चिम घाट व कोकणात. मुंबईलगत बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि तुंगारेश्वर येथील पानझडी जंगलांत ती वाढते.

थंड प्रदेशांतील रानफुले वसंतात, डोक्यावर पालवी दाटण्याआधी, फुलून घेतात. मुंबईच्या जंगलात हेच काम वळिवाच्या सरींवर होते. मे महिन्याच्या अखेरीस, रान अजून उघडे असतानाच, शेवळाचा फुलोरा थेट जमिनीतून वर येतो. पानाचा तेव्हा पत्ता नसतो. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि तो स्थिरावला की फुलोऱ्याचा हंगाम संपत येतो. मग उगवते ते एकच पान : ठिपक्यांचा एक दांडा आणि वर छत्रीसारखा पसरलेला, चिरलेला पर्णसंभार. पावसाळाभर हे पान कंदात अन्न साठवते आणि पावसानंतर पिवळे पडून जाते.

ज्याला लोक शेवळाचे फूल म्हणतात तो खरे तर फुलोरा. बाहेर तपकिरी-जांभळट आवरण, आत जाड दांडा. दांड्याच्या तळाशी मादी फुले, त्यांच्यावर नर फुले आणि सर्वांत वर वांझ, गर्द रंगाचा लांब शेंडा. फुलोरा उमलला की कुजक्या मांसासारखा दर्प सुटतो व त्याच्या ओढीने भुंगेरे आणि माश्या येतात. मादी फुले आधी तयार होतात, पराग नंतर सुटतो. त्यामुळे स्वपरागण टळते.

बाजारात येतात ते न उमललेले कोंब, म्हणून दर्पाचा प्रश्न येत नाही. पालघर, वसई, शहापूर, कर्जत या भागांतल्या आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन मुंबई-ठाण्याच्या बाजारांत बसतात. सोबत काकडाच्या हिरव्या, आंबट फळांचा वाटा असतोच, आणि काकडाशिवाय शेवळे घेणारे गिऱ्हाईक नवखे समजावे. कारण खाज. वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात. म्हणून हाताला तेल लावून कोंब सोलतात, दांड्यावरचा पिवळसर दाणेदार भाग, म्हणजे खरी फुले, काढून टाकतात, उरलेले बारीक चिरून भाजतात किंवा उकडतात आणि काकड वा चिंचेचा आंबटपणा घालतात. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत ती कोळंबी किंवा खिम्यात पडतात, शाकाहारी घरांत डाळिंब्यांत. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, साफसफाई वेळखाऊ, आणि भाव चढा. तरी पहिल्या जुड्या दिसताच त्या उचलल्या जातात.

विकल्या गेलेल्या प्रत्येक कोंबाबरोबर त्या झाडाचे त्या वर्षीचे बी जाते. कंद जमिनीत राहतो म्हणून झाड मरत नाही, पण सगळेच कोंब खुडले तर नवी रोपे येणार कुठून? राष्ट्रीय उद्यानात खुडण्यास बंदी आहे. बाहेरच्या रानांत काही कोंब मागे ठेवण्याची जाणीव खुडणाऱ्यावरच सोडलेली आहे.

प्रजातीतील सर्वांत परिचित जात म्हणजे सुरण, ॲमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस. तिची गजेंद्र ही कमी खाजरी वाण लागवडीत रूढ आहे. रानटी सुरण मात्र भलताच खाजरा असतो. जपानमध्ये कोंजॅक जातीच्या कंदातील ग्लुकोमॅनन या तंतुमय पदार्थापासून जेलीसारखे खाद्यपदार्थ करतात. सुमात्रातील टायटॅनम या जातीचा फुलोरा तीन मीटरपर्यंत उंच होतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी ती १८७८ मध्ये जगापुढे आणली व लंडनच्या क्यू उद्यानात ती १८८९ मध्ये फुलली. बल्बिफर या जातीच्या पानांवर लहान कंदिका धरतात आणि त्या गळून नवी झाडे होतात. पावसाळ्यात नुसत्या पानावरून या जाती ओळखणे अवघड जाते. जाणकारही फुलोऱ्याची वाट पाहतात.