वजनाचा दोष जिभेला देण्याआधी

मुंबईतल्या कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला एक जुना प्रयोग करून घेतात. फिनाइलथायोकार्बामाइड, म्हणजेच पीटीसी, या रसायनाच्या अगदी पातळ द्रावणात भिजवून वाळवलेली फिल्टर पेपरची पट्टी जिभेवर ठेवायची. एखादी मुलगी पट्टी टेकताच तोंड वेडंवाकडं करत बेसिनकडे धावते. तिची मैत्रीण तीच पट्टी चघळत विचारते, "याला चव कुठंय? नुसता कागद आहे." दोघीही खरंच बोलत असतात.

हा फरक लक्षात आला तो १९३१ साली, अपघाताने. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स पीटीसीची पूड बाटलीत भरत होते. ती हवेत उडाली आणि शेजारचा सहकारी कडू लागतंय म्हणून कुरकुरला; फॉक्स यांना मात्र काहीच जाणवलं नाही. हा गुण आईवडिलांकडून येतो हे लवकरच कळलं, पण त्यामागचं जनुक सापडायला २००३ उजाडलं. ते सातव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचं नाव टीएएस२आर३८. कडू चव पकडणारे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राही रेणू आपल्याकडे असतात, त्यातला एक हे जनुक घडवतं. जनुकातली तीन अक्षरं बदलली, की तयार होणारा रेणू पीटीसीला दादच देत नाही.

कोबी, मुळा, मोहरीचा पाला यांतही पीटीसीशी नातं सांगणारी गंधकयुक्त संयुगं असतात. त्यामुळे कोबीच्या भाजीला तोंड न लावणारं मूल दरवेळी नाटक करत असतं असं नाही. त्याला ती भाजी खरोखरच आपल्यापेक्षा कडू लागत असू शकते. कारल्याची गोष्ट वेगळी. त्याचा कडूपणा वेगळ्या संयुगांचा आणि तो टिपणारे ग्राहीही वेगळे. म्हणून कारलं मिटक्या मारत खाणाऱ्याला कोबी नकोसा वाटला, तर त्यात विसंगत काही नाही.

मग जिभेच्या या वारशाने माणूस जाड होतो का? तर्क सोपा होता: ज्याला भाज्या कडू लागतात तो त्या टाळेल, गोड आणि तळलेलं जास्त खाईल, वजन वाढेल. याच्या उलट तर्कही मांडला गेला, की कडू न कळणाऱ्यांची जीभच एकूण बोथट, त्यामुळे त्यांना तेलकट पदार्थ जास्त लागतात. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत अजिबात दिसला नाही. माझ्या मते एवढ्या तुटपुंज्या आधारावर कुणाच्या वजनाचं खापर जिभेवर फोडणं अन्यायाचं आहे. आपल्याकडे तर ते सर्रास होतं. लग्नकार्यात जाड बाईने दुसरी जिलेबी घेतली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "जिभेवर ताबा नको का?"

वजनाशी जास्त पक्का संबंध आहे तो मेंदूत काम करणाऱ्या जनुकांचा. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यांनी चिकन कोर्मा तीन प्रकारे शिजवला. एकातल्या २० टक्के कॅलरी स्निग्धांशातून येत होत्या, दुसऱ्यातल्या ४० आणि तिसऱ्यातल्या ६०. दिसायला आणि चवीला तिन्ही सारखे. खाणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. तरीही ज्यांच्या एमसी४आर या भूक आवरणाऱ्या जनुकात दोष होता, त्यांनी सर्वांत स्निग्ध कोर्मा सडपातळ लोकांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला. तो दोष नसलेल्या स्थूल लोकांपेक्षाही त्यांनी तो ६५ टक्के जास्त खाल्ला. जिभेला जे कळलं नाही, ते शरीराने आतून हेरलं होतं. असा दोष विरळा. त्याहून कितीतरी जास्त लोकांत आढळतो तो एफटीओ जनुकातला फरक. २००७ साली तो युरोपीय वंशाच्या लोकांत प्रथम दिसला. तो आई आणि वडील दोघांकडून आलेल्यांचं वजन, तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोच जास्त भरलं.

आणि जीभ तरी कुठे कायम तशीच राहते? २०१८ साली कॉर्नेल विद्यापीठात उंदरांना आठ आठवडे स्निग्ध आहार दिला, तेव्हा लठ्ठ झालेल्या उंदरांच्या चवकळ्या सुमारे पाव हिश्श्याने घटल्या. म्हणजे वजनही जिभेला बदलू शकतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातल्या २०.६ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं. २०१९-२१ मध्ये हा आकडा २४ टक्क्यांवर गेला. पुरुषांचा १८.९ वरून २२.९ वर. इतक्या थोड्या वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते भोवतालचं. रात्री नऊला कल्याण लोकलमधून उतरणाऱ्या माणसासमोर स्टेशनबाहेर गरम, स्वस्त आणि हाताशी काय असतं, ते पाहा: वडापाव, भजी, चायनीज भेळ. भूक लवकर न शमण्याचा वारसा ज्याला मिळालाय, त्याला या गल्लीतून रिकाम्या हाताने जाणं इतरांपेक्षा खरोखर कठीण जातं.

ज्या घरात भाज्यांवरून रोज खटके उडतात, तिथे एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. मिठातला सोडियम कडू चव जिभेवरच दाबतो, हे प्रयोगांनी दाखवलंय. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून, थोड्या वेळाने पिळून घेण्याची रीत म्हणून दुहेरी काम करते: कडू रस बाहेर जातो आणि उरलेला कडूपणा चिमूटभर मीठ झाकतं. एकूण मीठ मात्र बेताचंच ठेवावं. कमी मिठाच्या जेवणाची गोडी जिभेला दोन-तीन महिन्यांत लागते. मुलांनाही नवी भाजी घासभरच, पण पुनःपुन्हा, न रागावता द्यावी. आठ-दहा वेळा चाखल्यावर नावडती भाजी बरीच मुलं खाऊ लागतात.