डिस्कसच्या टाकीतला उजेड

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या पावसाळ्यात चार फुटी टाकीत सहा डिस्कस मासे आणले. झाडंही लावायची होती, म्हणून दुकानात सांगितलं तसा भरपूर वॉटचा एलईडी बसवला. सकाळी सातला टायमरने दिवा लागला की सहाही मासे मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे. अंगावरचे उभे पट्टे काळेकुट्ट, एखादा तर थेट काचेवर धडकायचा. "दादा, आजारी पडलेत का रे?" म्हणून त्याचा फोन आला.

आजारी नव्हते, घाबरले होते. उजेड पडला की आपली बाहुली लगेच आकसते, पापण्याही मदतीला असतात. माशांना पापण्या नाहीत आणि बहुतेक अस्थिमत्स्यांची, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांची, बाहुली आकसतही नाही. त्यांच्या दृष्टिपटलातले काळे रंगकण आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या जागेवरून सरकतात, तेव्हा डोळा उजेडाला सरावतो. या सरकण्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मिट्ट काळोखातून एका क्षणात लख्ख प्रकाश म्हणजे त्यांच्यासाठी शिक्षाच. म्हणून आधी खिडकीचा पडदा उघडायचा किंवा खोलीतला दिवा लावायचा, टाकीचा दिवा त्यानंतर अर्ध्या तासाने.

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. १८४० साली हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. ताटलीसारखं चपटं, उंच अंग असतं ते पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्या-मुळांमधून सहज निसटता यावं म्हणून. त्या सावलीत पाणवनस्पती फारशा नसतात. म्हणजे झाडांची हौस आपली, माशाची नाही. तेव्हा उजेड माशाला सोसेल एवढाच ठेवावा आणि त्यात जगतील ती झाडं निवडावीत, असं माझं ठाम मत आहे.

खरी अडचण उष्णतेची आहे. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस पाणी लागतं. ऊब वाढली की झाडाचा श्वसनाचा खर्चही वाढतो, आणि तो भागवण्याइतकं अन्न त्याला उजेडातच बनवावं लागतं. म्हणून अगदी अंधारी टाकीही चालत नाही. उलट दिवा फार प्रखर केला की झाडाची कार्बन डायऑक्साइडची भूक वाढते, आणि हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. झाड उपाशी राहतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ माजतं. सिलिंडर लावून वायू सोडता येतो, पण माशांच्या श्वासाचंही बघायला हवं, आणि कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे ३० अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम ७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रात्री झाडंही त्यातलाच घेतात, म्हणून दिवा मालवला की एअर पंप सुरू हवा.

दिव्याच्या खोक्यावरचे ल्युमेन बघून भुलू नका. ते माप माणसाच्या डोळ्याचं, आणि आपल्या डोळ्याला हिरवट प्रकाश सगळ्यात तेजस्वी भासतो. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश कमी-अधिक वापरतात. मध्यम दिवा सात-आठ तास पुरे.

झाडांत माझी पहिली पसंती अनुबियासला. त्याचं आडवं खोड हळदीच्या गड्ड्यासारखं असतं. ते वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून दोऱ्याने लाकडावर बांधायचं. ॲमेझॉन स्वोर्डचं उलट, त्याला मुळाशी खत लागतं. क्रिप्टोकोरिनी तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत, स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या जाती इथल्याच. जावा फर्न ३० अंशांत कुरकुरतं. गालिच्यासारखी पसरणारी झाडं नकोच. त्यांना प्रखर उजेड लागतो, शिवाय डिस्कसच्या भरपेट खाण्याचा उरलासुरला चुरा त्यात अडकून सडतो. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपांची जुनी पानं पहिले दोन-तीन आठवडे विरघळत जातात. तेव्हा रोप उपटून फेकू नका, मधून येणारं कोवळं पान पाण्यातलं असतं.

वर थोडी पिस्टिया ही पाणवनस्पती तरंगत ठेवावी. ती कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून घेते, पाण्यातलं नायट्रेट शोषते आणि खाली सावली धरते. मात्र जास्तीची काढलेली पिस्टिया नाल्यात टाकू नका, नद्यांतली जलपर्णी आपण बघतोच आहोत. पाण्याचंही बघावं लागतं: खडकवासल्याचं मृदू पाणी क्लोरीन घालवून वापरलं की डिस्कसला मानवतं, बोअरचं जड पाणी तितकंसं नाही.

मावसभावाने दिवा निम्म्यावर आणला आणि टायमर दुपारी एक ते रात्री नऊ असा लावला. दिवा लागतो तेव्हा खोलीत ऊन आलेलं असतं. परवा मी गेलो तेव्हा सगळ्यात मोठा डिस्कस अनुबियासच्या पानाखाली तिरका होऊन लाकडावरचं काहीतरी टिपत होता. अंगावरचे पट्टे इतके पुसट झाले होते, की काचेला नाक लावूनही मला ते मोजता आले नाहीत.