तोब्रुकचा फसलेला छापा : सप्टेंबर १९४२

२१ जून १९४२ रोजी ब्रिटिशांच्या ताब्यातलं लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं आणि तीस हजारांहून जास्त सैनिक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती कैद झाले. आदल्या दिवशी जर्मन रणगाडे आग्नेयेकडची फळी फोडून आत घुसले, तिथे ११ व्या भारतीय ब्रिगेडमधली मराठा लाईट इन्फंट्रीची दुसरी पलटण मोर्चे धरून होती. तोब्रुकच्या या पराभवात आपलीही माणसं होती, हे विसरता कामा नये.

रोमेल पुढे इजिप्तमधल्या अल अलामेनला जाऊन अडला. तोब्रुक आणि बेनगाझी ही लिबियातली बंदरं आता त्याच्या रसदीची होती. या छाप्याची कल्पना ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट कर्नल जॉन हॅसल्डन यांची. त्यांचा जन्म इजिप्तमधला, अरबी अस्खलित. मोजकी माणसं घेऊन वाळवंटातून तोब्रुकमध्ये शिरायचं आणि तेलाचे साठे उडवायचे, एवढाच त्यांचा मूळ बेत. कैरोच्या ब्रिटिश मुख्यालयाने तो फुगवला. बंदरच ताब्यात घ्यायचं, त्यासाठी समुद्रातून मरीन (नौदलाचे) आणि हायलँडर (स्कॉटिश) सैनिक उतरवायचे, शिवाय लिबियातल्याच बेनगाझी, बार्से आणि जालोवरही त्याच सुमारास छापे घालायचे, असं ठरलं. माझ्या मते मोहीम तिथेच हातची गेली. इतक्या लोकांत गुपित राहत नाही. इजिप्तमध्ये त्याची कुजबुज आधीच चालू होती.

१३ सप्टेंबरच्या रात्री हॅसल्डन यांची तुकडी ब्रिटिश युद्धकैदी असल्याचं सोंग घेऊन ट्रकमधून आत शिरली. त्यांचे जर्मन पहारेकरी बनले होते पॅलेस्टाईनमधले जर्मन बोलणारे ज्यू सैनिक. पकडले गेले असते तर त्यांची गय झाली नसती. या छाप्यातलं सगळ्यात मोठं धाडस मला त्यांचंच वाटतं. किनाऱ्यावरच्या तोफाही तुकडीने काबीज केल्या. पण समुद्र खवळलेला होता. खुणेचे दिवे लावायला पाणबुडीतून यायची माणसं उतरूच शकली नाहीत, मरीन सैनिकांचे कच्चे लाकडी तराफे भरकटले आणि बहुतेक टॉर्पेडो बोटींना उतरण्याची जागाच सापडली नाही. सैनिकांना परत घ्यायला किनाऱ्याजवळ आलेली ‘सीख’ ही विनाशिका तोफांच्या माऱ्यात सापडून बुडाली. ‘झुलू’ विनाशिका आणि ‘कॉव्हेंट्री’ क्रूझर विमानहल्ल्यांत गेल्या. हॅसल्डन लढताना मारले गेले. शेकडो सैनिक मेले किंवा कैद झाले.

बेनगाझीच्या वाटेवर ब्रिटिश कमांडो दल ‘एसएएस’चे संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग यांच्या तुकडीला शत्रू सावध आढळला, तिला परतावं लागलं. जालोही फसलं. यश आलं ते बार्सेला : लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या वाळवंटात दूरवर फिरणाऱ्या ब्रिटिश दलाच्या थोड्या गाड्या थेट विमानतळावर घुसल्या आणि उभी विमानं जाळून निघाल्या. तोब्रुक मात्र ब्रिटिशांच्या अलामेनच्या विजयानंतर, १३ नोव्हेंबरला परत मिळालं.